घरभर एकच आरसीसीबी, की ओल्या जागांना वेगळे आरसीबीओ?

आरसीसीबी म्हणजे लीकेज, म्हणजे वायरबाहेर जमिनीत जाणारा करंट, पकडून वीज तोडणारा खटका; आरसीबीओ हे काम करून ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटलाही तोडतो. नवीन वायरिंग करणार असाल तर न्हाणीघर, विहिरीवरची मोटर आणि अंगण-पडवीचे दिवे यांना वेगळे आरसीबीओ घ्या. जुनं वायरिंग तसंच ठेवणार असाल तर आधी मेन बोर्डात एक आरसीसीबी बसवा, पण बसवाच. कोकणात जांभ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, खाऱ्या हवेत जोड गंजतात. लीकेजचा धोका इथे रोजचा आहे.

दोन्हींचं तत्त्व एकच. फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) एका कड्यातून जातात. गेला तेवढा करंट परत आला की सगळं ठीक. त्यातला थोडा जरी माणसाच्या अंगातून किंवा मोटरच्या बॉडीतून जमिनीत गेला, की फरक पकडला जातो आणि खटका पडतो. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअर फरकाला पडणाराच हवा; ३०० चा आगीसाठी असतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांत आले, तर मात्र यातलं काहीच वाचवत नाही.

एकच आरसीसीबी स्वस्त पडतो. पण तो ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट ओळखत नाही, त्यामुळे प्रत्येक लाइनला ते ओळखणारा खटका, म्हणजे एमसीबी, लागतोच. शिवाय गिझर, मोटर, फ्रिज या सगळ्यांचं बारीकसारीक लीकेज त्या एकाच ठिकाणी जमा होतं, आणि ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. मग भर पावसात रात्री अख्खं घर अंधारात, फ्रिजमधली मासळी खराब, आणि सकाळी कुणीतरी वैतागून आरसीसीबीच बायपास करून घेतं. मला खरी भीती या बायपासची वाटते.

आरसीबीओत एमसीबीचं कामही होतं. मोटरमध्ये पाणी शिरलं तर मोटरचाच खटका पडतो, बाकी घर चालू राहतं. महाग आहे, बोर्डही मोठा लागतो. खरी अडचण मात्र न्यूट्रलची आहे. जुन्या घरांत दोन-तीन खोल्यांना मिळून एकच न्यूट्रल फिरवलेला असतो. तिथे आरसीबीओ लावला की एका खोलीतला करंट दुसरीच्या न्यूट्रलने परतणार, आणि लीकेज नसतानाही ट्रिप होणार. इन्व्हर्टरचा न्यूट्रल भलत्या लाइनला जोडला तरी हेच. मेनच्या एका आरसीसीबीला खोल्यांमधली अशी सरमिसळ चालते, म्हणून जुन्या घरात तो आधी.

एक गोष्ट वायरमनही कधी कधी विसरतात. साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. ओल्या स्विचबोर्डात न्यूट्रल अर्थिंगला टेकला असेल, तर त्या लाइनचा एमसीबी खाली असला तरी आरसीसीबी पडत राहतो. अशा वेळी संशयित लाइनचा न्यूट्रलही बोर्डातून सोडवून तपासायला सांगा. आधी मेन बंद करूनच.

घर वर्षभर बंद राहून गणपतीलाच उघडत असेल, तर मखराची लायटिंग लावण्याआधी प्रत्येक खटक्याचं टेस्ट बटण दाबून बघा. वीज चालू असताना दाबूनही पडला नाही, तर तो बदलेपर्यंत त्यावरची लाइन बंद ठेवा.