इम्पीरियल हॉटेलची लॉबी, मेइजी-मुरा: जेवढी उरली तेवढी

अमेरिकी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी तोक्योत बांधलेले इम्पीरियल हॉटेल आज पाहायचे असेल, तर आयची प्रांतातील इनुयामाजवळच्या मेइजी-मुरा या मेइजी काळातील (१८६८–१९१२) इमारती जपणाऱ्या खुल्या संग्रहालयात जावे लागते. तेथे त्याचा दर्शनी भाग आणि लॉबी एवढेच पुन्हा उभारलेले आहे. (इमारत १९२३ ची, म्हणजे मेइजी काळ संपल्यानंतरची, पण ही सवलत संग्रहालयाने दिली हे बरेच झाले.)

ठेंगण्या छताखालून पायऱ्या चढून आत गेले की तीन मजली उंचीचे दालन एकदम डोक्यावर मोकळे होते. खांबांच्या पोटात दिवे बसवलेले असून प्रकाश टेराकोटाच्या जाळीतून झिरपतो आणि शेजारच्या ओया दगडावरील भौमितिक नक्षी त्यामुळे उठून दिसते. हा ज्वालामुखीच्या राखेचा दगड मऊ आणि सच्छिद्र असतो. कोरायला सोपा, तसाच झिजायलाही. म्हणूनच पुनर्बांधणीत बराच भाग नव्या साहित्याने घडवावा लागला, आणि जवळून पाहिल्यास ते कळतेही.

हॉटेलचे उद्घाटन १ सप्टेंबर १९२३ रोजी, नेमके तोक्यो परिसर उद्ध्वस्त करणाऱ्या कांतो भूकंपाच्या दिवशी होते. इमारतीला ओरखडाही उठला नाही, ही कथा मात्र अतिरंजित आहे. ती उभी राहिली, पण मधला भाग खचला. मऊ गाळावर इमारत जणू तरंगती राहावी म्हणून राइट यांनी आखूड खांबांचा पाया घातला होता, आणि पुढच्या दशकांत तीच जमीन असमान दबत गेली. शिवाय हिबिया उद्यानासमोरच्या मोक्याच्या जागेवर खोल्या कमी होत्या. १९६७ च्या अखेरीस पाडकाम सुरू झाले आणि १९७० मध्ये तेथे १७ मजली इमारत उभी राहिली. राइट १९२२ मध्येच जपान सोडून गेले होते. काम तडीस नेले ते त्यांचे सहकारी अराता एन्दो यांनी, आणि या वास्तूचे श्रेय वाटताना त्यांचा वाटा नेहमीच कमी पडतो.

मेजवानीचे दालन, नाट्यगृह आणि खोल्यांच्या लांबच लांब बाजू येथे नसल्याने मूळ पसाऱ्याचा अंदाज येत नाही, ही मोठी उणीव आहे. वरच्या मजल्यावरील चहापानगृहात अवश्य बसावे. चहापेक्षा तेथून खाली दिसणाऱ्या दालनासाठी. मूळचे काही अवशेष तोक्योतील सध्याच्या हॉटेलच्या ओल्ड इम्पीरियल बारमध्येही आहेत. त्या हॉटेलची मुख्य इमारतही पाडून नवी बांधण्याची योजना जाहीर झालेली असल्याने तेथे जायचे असेल, तर फार लांबणीवर टाकू नये.