कारपूल आणि बदललेल्या सवयी: कोथरूड ते हिंजवडी, आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

कोथरूडहून हिंजवडी फेज थ्रीपर्यंत जाऊन-येऊन साधारण 40 किलोमीटर होतात. आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात हजर राहण्याचा नियम लागू झाला, तेव्हा हा प्रवास पुन्हा मागे लागला. माझी गाडी 1.2 लिटर पेट्रोल इंजिनाची, पाच गिअरची साधी हॅचबॅक आहे आणि या मार्गावर ती लिटरला 15 किलोमीटरच्या आसपास ॲव्हरेज देत होती. पुण्यात पेट्रोलचा दर या काळात 104 रुपयांच्या आगेमागे राहिला. म्हणजे एका दिवसाला पावणेतीनशे आणि महिन्याला सव्वातीन हजारांहून अधिक रुपये केवळ इंधनावर जात होते. त्यावर मी दोन उपाय एकदमच सुरू केले: तीन जणांबरोबर कारपूल आणि स्वतःच्या गाडी चालवण्याच्या पद्धतीत बदल. दोन्हींचा हिशेब मात्र वेगवेगळा ठेवला. पैशांच्या बाबतीत कारपूल इतके पुढे आहे की तुलनाच होत नाही; पण ते चार माणसांच्या सोयीवर उभे असते, तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांवरचा स्वतःचा पाय कोणाच्या होकारावर अवलंबून नसतो.

मोजणीबद्दल आधी लिहिते, कारण ती चुकली तर पुढचे सगळे आकडे निरुपयोगी ठरतात. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या ॲव्हरेजवर मी विसंबले नाही. माझ्या गाडीत ते प्रत्यक्षापेक्षा नेहमी जास्तच दिसते. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरायची, वर एक थेंबही भरू द्यायचा नाही, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा आणि पुढच्या वेळी तसेच भरून धावलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरांनी भागायचे, ही जुनी पद्धतच खरी. पंपावरचा मुलगा ‘मॅडम, राउंड फिगर करू का?’ असे हमखास विचारतो. तेथे ठामपणे नको म्हणावे लागते, कारण त्या वरच्या पाव-अर्ध्या लिटरने सगळी आकडेमोड बिघडते. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. तीन-चार टाक्यांची सरासरी घ्यावी.

कंपनीने जाहीर केलेल्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. तो आकडा ज्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) या वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेच्या नावाने ओळखला जातो, ती आमच्या कोथरूडलगतच्या टेकडीवरच आहे. टेकडीला लोक एआरएआयची टेकडी म्हणूनच ओळखतात. पण चाचणी होते ती प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरलेल्या चक्राप्रमाणे, ताशी 90 किलोमीटरच्या वर न जाता आणि एसी बंद ठेवून. भूमकर चौकातली संध्याकाळची कोंडी त्या रोलरला ठाऊक नसते. इथेनॉलचाही मुद्दा आहे. आता पंपावर मिळते ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे चार वर्षांपूर्वीच्या वहीतल्या नोंदी काढून आजच्या ॲव्हरेजशी ताडून पाहिल्या, तर गाडी बिघडल्याचा भास होतो. तुलना आजच्या इंधनावरच्या आजच्या नोंदींशीच करावी.

सवयींपैकी ज्या एकाच गोष्टीने स्पष्ट फरक पडला, ती म्हणजे पुढचे पाहून पाय आधीच उचलणे. ब्रेक दाबतो तेव्हा पेट्रोल जाळून मिळवलेला वेग आपण ब्रेकच्या पॅडमध्ये उष्णता करून टाकून देतो. बाणेरच्या पुढे महामार्गावर दोनशे मीटरवर लाल दिव्यांची रांग दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबून त्या रांगेत लवकर पोहोचण्याने काहीच साधत नाही, हे सगळ्यांनाच कळते. वळत मात्र नाही. सध्याच्या फ्यूएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअर टाकलेला ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, की इंजिनाचे फेरे पुरेसे असेपर्यंत इंधनाचा पुरवठा थांबवला जातो. चाकेच इंजिनाला फिरवत राहतात. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर उलट इंजिन स्वतःच्या बळावर चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जाळावे लागते. कार्ब्युरेटरच्या काळातल्या वडीलधाऱ्यांनी शिकवलेली ‘उतारावर न्यूट्रल कर’ ही काटकसर आजच्या गाडीत काटकसर राहिलेलीच नाही.

शिवाय ती जीवघेणी आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार पुणेकरांना सांगायला नको. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका अवजड वाहनाने याच उतारावर एकामागून एक कितीतरी गाड्या ठोकरल्या होत्या. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका, असे ट्रकचालकांना तेथे वारंवार बजावले जाते. इंजिनाचा रोध नसला की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होतात. मोटारीचे वजन कमी असले तरी तत्त्व तेच. चांदणी चौकातून बावधनकडे उतरताना मी चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये पाय पूर्ण उचलून उतरते, आणि त्या उतारावर डॅशबोर्डवरचा क्षणिक ॲव्हरेजचा काटा शेवटच्या टोकाला जाऊन टेकलेला दिसतो.

वेगाबाबत शहरात फारसे काही करण्यासारखे नव्हते. रहदारीच वेग ठरवते. फरक जाणवला तो कोल्हापूरच्या प्रवासात. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी 80 ऐवजी 100 ने गेल्यास हा रोध दीडपटीहून अधिक होतो. पुणे-कोल्हापूर हे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर अंतर 80-85 च्या दरम्यान कापले, तर अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, आणि ॲव्हरेज 20 च्या पुढे गेलेले मी याच मार्गावर पाहिले. उजव्या लेनमध्ये मात्र या वेगाने रेंगाळू नये. मागच्यांचा संताप आणि आपली बचत यांची सांगड बसत नाही.

टायरच्या हवेबद्दल सर्वत्र इतके लिहिलेले असते की वाचणारा पुढे सरकतो, तरी दोन गोष्टी सांगते. पहिली, हवेचा योग्य आकडा टायरच्या भिंतीवर नसतो. तेथे कमाल मर्यादा असते. योग्य आकडा चालकाच्या दारालगतच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर असतो, आणि चार माणसे बसणार असतील तर माझ्या गाडीच्या पट्टीवर मागच्या चाकांसाठी वेगळा, थोडा जास्त आकडा दिला आहे. कारपूल सुरू होईपर्यंत त्या दुसऱ्या रकान्याशी माझा संबंध आला नव्हता. दुसरी, पंपावर न विचारता सगळ्याच गाड्यांत 35 भरण्याची पद्धत आहे. मशीनवर आकडा आपण स्वतः पाहावा, आणि दूरवरून तापलेल्या टायरांनी येऊन हवा तपासू नये, कारण गरम टायरमध्ये दाब जास्तच दाखवला जातो. सिग्नलला अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करणे, डिकीतले बिनकामाचे सामान उतरवणे आणि क्लचवर पाय ठेवून न चालवणे, या बाकीच्या गोष्टी केल्या. त्यांचा प्रत्येकीचा वेगळा परिणाम मोजता येण्याइतका मोठा नाही. एसीचे म्हणाल, तर पुण्याच्या एप्रिलमध्ये तो बंद ठेवून जी बचत होते ती मला नको.

या सगळ्यानंतर एकटी असताना ॲव्हरेज 15 वरून 17 च्या आसपास स्थिरावले. महिन्याला पावणेचारशे ते चारशे रुपये. रक्कम लहान वाटेल, पण ती मिळवायला खर्च शून्य आहे, आणि ब्रेक पॅडही जास्त टिकतील.

आता कारपूल. सुरुवातीला एका ॲपवरून अनोळखी सहप्रवासी घेऊन पाहिले. ऐनवेळी रद्द होणाऱ्या फेऱ्या आणि ठिकाण शोधण्यासाठी येणारे फोन यांना कंटाळून ते सोडले. नंतर आमच्या, शेजारच्या आणि वाटेवरच्या सोसायटीतल्या, त्याच दिशेने जाणाऱ्या आम्हा चौघांचा गट जमला आणि आम्ही एक पद्धत ठरवली: पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत, गाडी पाळीपाळीने काढायची. यामागे सोय आहे तसे कायद्याचेही कारण आहे. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाडे घेऊन प्रवासी नेणे मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 66 प्रमाणे परवान्याशिवाय चालत नाही. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत ‘भाड्याने वापर’ हा स्पष्ट अपवाद लिहिलेला असतो. इंधनाचा खर्च वाटून घेणे आणि भाडे घेणे यांत फरक आहे, हे मान्य. पण अपघातानंतर दाव्याच्या टेबलावर बसून हा फरक समजावून सांगण्याची वेळ कोणावर येऊ नये. जानेवारी 2023 मध्ये राज्य सरकारने खासगी वाहनांच्या ॲपवरील पूलिंगला मनाई केली होती आणि त्यानंतरही हे धोरण बदलत राहिले आहे. पाळीच्या पद्धतीत पैशांची देवाणघेवाणच नसल्याने आम्हाला त्या चर्चेत पडावे लागले नाही.

विम्याबाबत एक काम मात्र प्रत्येकाने करावे. नुसता थर्ड पार्टी विमा असलेल्या गाडीत बसलेल्या सहप्रवाशांना सहसा संरक्षण नसते. सर्वसमावेशक पॉलिसीत ते असते, आणि थोडा जास्त हप्ता भरून सहप्रवाशांसाठी वैयक्तिक अपघात संरक्षणही जोडता येते. आमच्यातल्या एकाची गाडी जुनी असल्याने त्याने केवळ थर्ड पार्टी विमा ठेवला होता. त्याने नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसी बदलली, तेव्हाच त्याची गाडी पाळीत आली.

पाळीमुळे माझी गाडी महिन्यातून तीनदाच निघते. चार माणसांच्या वजनाने शहरात ॲव्हरेज थोडे उतरते, ठिकठिकाणी थांबण्याने एखाद-दुसरा किलोमीटर वाढतो, तरी महिन्याचा कार्यालयीन प्रवासाचा इंधनखर्च साडेसातशे-आठशेवर आला. म्हणजे सवयी बदलून जेथे चारशे वाचले, तेथे गाडी वाटून घेऊन अडीच हजार. शिवाय महिन्याकाठी साडेतीनशेहून अधिक किलोमीटर धावणे वाचते, ते टायर आणि क्लच प्लेटच्या आयुष्यात जमा होते.

पाळी समान असली तरी गाड्या समान नसतात, ही अडचण पहिल्याच महिन्यात समोर आली. एकाची डिझेलवरची मोठी गाडी आहे, एकाची सीएनजीवरची. सीएनजीवाल्याचा खर्च सगळ्यांत कमी, पण पंपावरच्या रांगेत वेळ तोच घालवतो, आणि सिलिंडरमुळे डिकीत जागा नसल्याने लॅपटॉपच्या चार बॅगा मांडीवर घेऊन बसावे लागते. मोठ्या गाडीवाल्याला आम्ही पाळीत सूट देऊ केली. ती त्याने नाकारली आणि त्याऐवजी पावसाळ्यात, जेव्हा हिंजवडीच्या रस्त्यांवर पाणी साचते, तेव्हा आपलीच गाडी काढायची असे स्वतःहून ठरवले. काटेकोर हिशेब मांडला असता तर हा गट दिवाळीपर्यंतही टिकला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

जेथे काटेकोरपणा हवा तो वेळेत. सकाळी ठरल्या वेळेनंतर पाच मिनिटे थांबायचे आणि निघायचे. न आलेल्याने स्वतःची सोय पाहायची, त्यावर रुसवा नाही. गटातले काका, जे फेज वनमधल्या एका कारखान्यात आहेत, त्यांनी हा नियम सुचवला आणि त्याचा पहिला फटकाही त्यांनाच बसला. ते बसने गेले आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे आधी उभे होते. थांबण्याच्या जागाही नीट निवडाव्या लागल्या. चांदणी चौकात ऑगस्ट 2023 मध्ये नवे पूल आणि रॅम्प खुले झाल्यापासून तेथे कडेला थांबून कोणाला घेणे धोक्याचे झाले आहे, म्हणून तिघांनी कोथरूड डेपोजवळच जमायचे आणि एकाला बाणेरला राधा चौकाच्या सर्व्हिस रोडवर घ्यायचे, असे ठरले. एकेकाच्या दारात गाडी नेली की वाचवलेले पेट्रोल गल्ल्यांमध्ये जाते.

संध्याकाळ हा या व्यवस्थेचा कच्चा दुवा आहे. सकाळी सगळ्यांची घाई एकसारखी असते. संध्याकाळी कोणाची अमेरिकेशी बैठक लांबते, कोणाला मुलाच्या शाळेत जायचे असते. आम्ही परतीच्या दोन वेळा ठरवल्या आणि पहिली हुकली तर दुसरी किंवा पीएमपीची बस, असा पर्याय ठेवला. रात्री उशिरा एकट्या स्त्रीला परतावे लागू नये म्हणून त्या दिवशी उरलेल्यांपैकी एकाने थांबायचे, हे मी गटात येताना अट म्हणून सांगितले होते आणि ते पाळले गेले. ज्यांच्या कामाच्या वेळा रोज बदलतात, त्यांनी परतीसह कारपूलचा आग्रह धरू नये; केवळ सकाळपुरते केले तरी बऱ्यापैकी खर्च वाचतो.

चालकाच्या सवयींवर सहप्रवाशांचा परिणाम होतो, हे मी गृहीत धरले नव्हते. मागे झोपलेल्या माणसाचे डोके काचेवर आपटेल म्हणून ब्रेक हळू लागतो, आणि चौघांत मिळून मीच सगळ्यांत सावकाश चालवते, असे गटात म्हटले जाते. मोठ्या गाडीवाला मात्र अजून सिग्नल सुटताच उडी मारल्यासारखा निघतो; त्याच्या पाळीच्या दिवशी काका पुढे बसत नाहीत.