मॅक-३ सोडून क्यूटीप्लाझ्मासी: घरगुती प्लाझ्मा टेबलसाठी लिनक्ससीएनसी २.९

घरी बांधलेल्या प्लाझ्मा टेबलवर (प्लाझ्मा आर्कने पत्रा कापणारं सीएनसी टेबल) अजूनही मॅक-३ हे विंडोजवरचं कंट्रोल सॉफ्टवेअर जोरात आहे: ३२ बिट विंडोजचा जुना पीसी, पॅरलल पोर्टवर ब्रेकआउट बोर्ड (मोटर-स्विचच्या वायरी जोडायचा बोर्ड) आणि बाजूला टीएचसीचा, म्हणजे टॉर्चची उंची सांभाळणारा वेगळा डबा, जो कंट्रोलरला फक्त ‘वर’ नाहीतर ‘खाली’ एवढंच सांगतो. मॅक-३चा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालतच नाही, त्यामुळे तो पीसी बसला की टेबलही बसलं. लिनक्ससीएनसी २.९ (लिनक्सवर चालणारं मशीन कंट्रोल सॉफ्टवेअर) आणि त्यासोबत येणारा क्यूटीप्लाझ्मासी, म्हणजे त्याची प्लाझ्मासाठीची स्क्रीन, हा यावरचा सध्याचा सगळ्यात चांगला उपाय, शिवाय फुकट. अट एकच: आर्कचे खरे व्होल्ट कंट्रोलरपर्यंत पोचले पाहिजेत. जुना वर-खालीचा डबाच ठेवायचा असेल तर या खटाटोपात पडू नका.

कारण असं. क्यूटीप्लाझ्मासीला तीन मोड आहेत. मोड ०मध्ये व्होल्टेजवरूनच टॉर्चची उंची आणि आर्क लागला की नाही, दोन्ही ठरतं. मोड १मध्ये उंची व्होल्टेजवरून, पण आर्क-ओके सिग्नल प्लाझ्मा मशीनकडून येतो. मोड २ म्हणजे तोच जुना वर-खालीचा प्रकार. मशीनला आर्क-ओकेचा सुटा काँटॅक्ट असेल तर डोळे झाकून मोड १ घ्या. मोड २मध्ये व्होल्टेज दिसतच नाही, मग हे सॉफ्टवेअर बदलण्यातली अर्धी मजा गेली.

हार्डवेअरमध्ये मेसा कंपनीचं ७आय७६ई हे नेटवर्क केबलने जोडायचं कंट्रोल कार्ड आणि टीएचसीएडी हे त्यांचंच आर्क व्होल्टेज मोजणारं कार्ड, ही जोडी सरळ पडते. टीएचसीएडी व्होल्टेजचं फ्रिक्वेन्सीत रूपांतर करतं आणि ती फ्रिक्वेन्सी ७आय७६ईच्या स्पिंडल एन्कोडर इनपुटवर वाचली जाते. आकडेमोड अवघड नाही. टीएचसीएडीच्या लेबलवर शून्य व्होल्टची आणि फुल स्केलची फ्रिक्वेन्सी छापलेली असते. समजा ती १२१ आणि ९२५ किलोहर्ट्झ आहे, जंपर ३२ने भाग देणाऱ्या जागी आहे, कार्ड टीएचसीएडी-५ (५ व्होल्टपर्यंत मोजणारं) आहे आणि मशीनच्या सीएनसी पोर्टवर ५०:१ डिव्हायडर आहे, म्हणजे आर्क व्होल्टेज पन्नासपट कमी होऊन येतं. व्होल्टेज ऑफसेट म्हणजे १,२१,००० भागिले ३२, अर्थात ३७८१.२५. फुल स्केल ५ गुणिले ५०, म्हणजे २५० व्होल्ट. दोन फ्रिक्वेन्सींतला फरक ८,०४,००० भागिले ३२ म्हणजे २५,१२५, आणि २५० भागिले २५,१२५ म्हणजे ०.००९९५, हा व्होल्टेज स्केल. पडताळायला टॉर्च पेटवायची गरज नाही. डिव्हायडरची वायर काढा, एक पेन्सिल सेल मल्टिमीटरने मोजा आणि कार्डाच्या इनपुटला लावा. सेल १.५५ व्होल्ट दाखवत असेल तर स्क्रीनवर साधारण ७७.५ दिसलं पाहिजे. आकडा यापासून फारच लांब दिसला तर जंपर एका जागी आणि हिशेब दुसऱ्याच भाजकाचा, असं समजा.

मशीनमध्ये डिव्हायडर नसेल आणि कच्चं आर्क व्होल्टेज घ्यायचं असेल, तर रेझिस्टर प्लाझ्मा मशीनच्या आतच बसवा, कंट्रोल पेटीत नको. नाहीतर टेबलाखालून जाणाऱ्या वायरीवर जीव घेणारं डीसी व्होल्टेज खेळत राहतं. स्वस्त हाय-फ्रिक्वेन्सी स्टार्टच्या (ठिणगीने आर्क पेटवणाऱ्या) मशीनवर तर दर पिअर्सला, म्हणजे पत्र्याला पहिलं भोक पाडताना, त्याच वायरीतून विजेचा कचरा आत येतो. शक्य असेल तर ब्लोबॅक स्टार्टचंच (हवेच्या दाबाने टॉर्चमधला संपर्क सोडवून आर्क पेटवणारं) मशीन घ्या. सॉफ्टवेअरच्या नावाने खापर फुटतं त्यातले निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

इन्स्टॉलेशन करताना जुन्या डिस्कवर अपग्रेड मारत बसू नका. कॉन्फिग आणि जी-कोडचे (कापायच्या प्रोग्रामचे) फोल्डर पेन ड्राइव्हवर काढा आणि नव्या एसएसडीवर डेबियन बुकवर्मची लिनक्ससीएनसी आयएसओ चढवा. बायोसमध्ये सी-स्टेट, स्पीडस्टेप आणि हायपरथ्रेडिंग बंद करा, प्रोसेसरच्या या सोयींनी वेळेचा नेमकेपणा बिघडतो. मेसा कार्डाच्या नेटवर्क पत्त्याचा जंपर १०.१०.१०.१०वर ठेवा, पीसीच्या पोर्टला १०.१०.१०.१ कायमचा द्या, आणि इंटरनेटसाठी वेगळं कार्ड किंवा वायफाय वापरा. ‘एरर फिनिशिंग रीड’ हा संदेश आला की लोक केबल बदलत सुटतात. बहुतेक वेळा दोष पीसीच्या नेटवर्क चिपचा किंवा तिच्या ड्रायव्हरचा असतो. रिअलटेक असेल तर जुना इंटेलचा पीसीआय एक्स्प्रेस कार्ड बसवून पाहा. इंटेल असूनही येत असेल तर त्या पोर्टचं इंटरप्ट कोअ‍ॅलेसिंग (आलेली पॅकेट साठवून एकदम कळवणं) शून्यावर आणा.

सगळ्यात जास्त घोळ झेड अक्षात होतो, म्हणून इथे सावकाश. क्यूटीप्लाझ्मासीत प्रोबिंग (टॉर्च खाली नेऊन पत्रा शोधणं) आणि टीएचसी दोन्ही एक्स्टर्नल ऑफसेटने, म्हणजे प्रोग्रामच्या हालचालीवर बाहेरून घातलेल्या हालचालीने चालतात. त्यामुळे आयएनआय फाइलमध्ये (मशीनच्या सेटिंगची फाइल) झेड अ‍ॅक्सिसचा कमाल वेग आणि अ‍ॅक्सिलरेशन हे झेड जॉइंटच्या (म्हणजे प्रत्यक्ष मोटरच्या) आकड्यांच्या दुप्पट हवेत आणि ऑफसेट एव्ही रेशो ०.५ हवा. दुपटीतला अर्धा वाटा ऑफसेटला मिळतो, म्हणजे मोटरची जेवढी ताकद आहे तेवढी टीएचसीला मिळते. पीएनसीकॉन्फ या कॉन्फिग बनवणाऱ्या विझार्डमध्ये क्यूटीप्लाझ्मासी निवडलं तर हे आपोआप होतं. जुनी मिलिंगची फाइल हाताने बदलणारे हा रेशो विसरतात, त्याची मूळ किंमत शून्य असते, मग सायकल स्टार्ट दिल्यावर टॉर्च खाली यायचं नावच घेत नाही. झेडची किमान मर्यादा टेबलाच्या पट्ट्यांच्या किंचित खाली ठेवा, त्यात फ्लोट स्विचची (टॉर्च पत्र्याला टेकल्याचं सांगणारा स्विच) हालचाल धरा. स्विचचा डिबाउन्सही (खोटे सिग्नल गाळायला थांबायचा वेळ) उगाच वाढवू नका: सर्वो थ्रेडची एक फेरी १ मिलिसेकंदाची, डिले अशा ५ फेऱ्यांचा आणि ६०० मिमी प्रति मिनिट प्रोब स्पीड धरली तर ०.०५ मिमीचा फरक पडतो.

मटेरियल टेबल मात्र अप्रतिम. पिअर्स हाइट, पिअर्स डिले, कट हाइट, फीड, अ‍ॅम्प, व्होल्ट, कर्फ (कापाची रुंदी) सगळं एका ओळीत बसतं आणि प्रोग्राममध्ये एम१९० पी२ दिलं की दोन नंबरचं मटेरियल लागतं. त्यापाठोपाठ एम६६ पी३ एल३ क्यू१ द्यायचं, म्हणजे बदल पूर्ण झाल्याशिवाय पुढची ओळ चालत नाही. ड्रॉइंगवरून जी-कोड बनवणाऱ्या शीटकॅमसाठी पोस्ट प्रोसेसर (या कंट्रोलरला चालेल असा कोड काढून देणारी फाइल) मिळतो. ऑटो व्होल्ट चालू ठेवलं तर कट हाइटला पोचल्यावर मोजलेलं व्होल्टेजच टार्गेट होतं. टिप झिजत जाते तसं व्होल्टेज सरकतं, म्हणून चार्टमधला आकडा पकडून बसण्यापेक्षा हे बरं. कोपऱ्यावर वेग पडला की कर्फ रुंदावते, व्होल्टेज वाढतं आणि टीएचसीला वाटतं टॉर्च उंच गेली, म्हणून तो तिला पत्र्यात घुसवतो. व्हेलॉसिटी अँटी-डाइव्हचा (वेग पडला की टीएचसी थांबवणारी सोय) थ्रेशोल्ड नीट लावला की हे थांबतं. प्रोग्रामच्या सुरुवातीला #<होल्स>=१ (टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं) लिहिलं तर ३२ मिमीपर्यंतची भोकं ६० टक्के वेगाने कापली जातात. भोकं गोल येण्यात मोठा फरक पडतो.

हायपरथर्मच्या पॉवरमॅक्स प्लाझ्मा मशीनला सिरियल पोर्ट असेल तर आरएस-४८५वरून अ‍ॅम्प आणि प्रेशर स्क्रीनवरूनच बदलता येतात. लिनक्सच्या यूजरला डायलआउट ग्रुपमध्ये (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी) घालायला विसरू नका, नाहीतर पोर्ट उघडणार नाही.

तक्रारीही आहेत. आडव्या मॉनिटरवर १३६६ बाय ७६८पेक्षा लहान रेझोल्यूशन असेल तर स्क्रीन नीट बसत नाही. जी-कोडमधल्या झेडच्या हालचाली हे सॉफ्टवेअर स्वतःच काढून टाकतं, कारण झेड पूर्ण त्याच्या ताब्यात असतो; नवख्याला वाटतं प्रोग्राम बिघडला. एचएएल फाइल (कुठला सिग्नल कुठे जोडलाय हे लिहिलेली फाइल) वाचता येणं जवळपास सक्तीचं आहे. मेसाची कार्डं अमेरिकेतून येतात, त्यामुळे कस्टम्स ड्यूटी आणि वाट बघणं आलंच. दोन टीएचसीएडी मागवायची ऐपत असेल तर दोन मागवा. भोसरी किंवा बुटीबोरीच्या जॉब शॉपमध्ये, जिथे ऑपरेटर शिफ्टप्रमाणे बदलतात, तिथे स्टारफायरसारखा स्वतंत्र कंट्रोलर जास्त निभावून नेतो, कारण लिनक्स सांभाळणारा माणूस प्रत्येक शिफ्टला नसतो.

२.८वरच्या जुन्या प्लाझ्मासीचे वापरकर्ते असाल तर काम बरंच सोपं. प्लाझ्मासी-टू-क्यूटी हा कन्व्हर्टर सोबतच येतो, तो जुन्या कॉन्फिगवरून नवं फोल्डर बनवतो. पण २.९ पायथन ३वर आहे, त्यामुळे स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट आपोआप चालतील असं धरू नका. जुनी एसएसडी महिनाभर तरी पुसू नका.