सोयाबीन ते हरभरा : बाजारभावाच्या संकेतस्थळावर डीडॉस संरक्षण वापरल्यानंतर

सोयाबीनच्या हंगामाआधी बसवलेले डीडॉस संरक्षण (मागण्यांचा पूर लोटून संकेतस्थळ बंद पाडणाऱ्या हल्ल्यापासून बचाव करणारी सेवा) हरभऱ्याची आवक ओसरेपर्यंत वापरून झाल्यावर माझे मत असे बनले आहे की, अशा संरक्षणाचा फुकट मिळणारा थर जवळपास प्रत्येक संकेतस्थळाने घ्यावा, पैसे मोजून घ्यायचा थर मात्र बहुतेक छोट्या संकेतस्थळांना लागत नाही, आणि या दोन्हींपेक्षा आधी स्वतःच्या सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद, वाचण्याचे काम उरकावे. माझे संकेतस्थळ लहान आहे. लातूर, उदगीर, परभणी, हिंगोली आणि जालना येथील बाजार समित्यांमधील सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे दर त्यावर रोज दिले जातात. वाचक म्हणजे शेतकरी, आडते आणि काही डाळ मिलवाले. जवळपास सगळे मोबाइलवरून आणि बहुतेक व्हॉट्सॲप गटात आलेल्या लिंकवरून येतात. मी वापरत असलेल्या सेवेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेले गुणदोष या प्रकारच्या बहुतेक सेवांमध्ये थोड्याफार फरकाने आढळतात.

डीडॉस हल्ल्यात असंख्य यंत्रांकडून एकाच वेळी इतकी मागणी केली जाते की, खऱ्या वाचकाला उत्तर द्यायला सर्व्हरकडे सवड उरत नाही. मात्र या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात, आणि संरक्षण हवे की नको हे ठरवताना त्या वेगळ्या करणे भाग आहे. पहिल्या प्रकारात सर्व्हरपर्यंत येणारी वाटच भरून टाकली जाते. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर झालेला हल्ला असा होता. इंटरनेटवर उघडे पडलेले मेमकॅश (माहिती तात्पुरती साठवणारे) सर्व्हर वापरून छोट्या मागणीचे हजारो पटींनी मोठे उत्तर गिटहबकडे वळवण्यात आले आणि सेकंदाला १.३५ टेराबिट, म्हणजे १,३५० गिगाबिट, इतका प्रवाह तिथे येऊन आदळला. आपल्यासारख्यांच्या भाड्याच्या सर्व्हरला साधारणपणे १ गिगाबिटची जोडणी असते, त्यामुळे १० गिगाबिटचा प्रवाहही पुरेसा घातक ठरतो आणि सर्व्हरवर केलेली कोणतीही मांडणी तिथे कामाला येत नाही. लातूरच्या बाजारपेठेतील गंज गोलाईला येणारे सोळाही रस्ते गच्च भरले, तर दुकानाच्या दारात कितीही दांडगा रखवालदार उभा केला तरी गिऱ्हाईक आत पोहोचत नाही. म्हणून या प्रकारची गाळणी सर्व्हरच्या बरीच अलीकडे, मोठे जाळे असलेल्या कंपनीकडेच असावी लागते. ती नसेल तर होस्टिंग कंपनी शेजारच्या ग्राहकांना वाचवण्यासाठी आपल्या आयपी पत्त्याकडे (इंटरनेटवरील आपल्या सर्व्हरच्या क्रमांकाकडे) येणारी सगळीच वाहतूक टाकून देते, म्हणजे हल्लेखोराचे काम तीच पूर्ण करते. असे करण्याचा अधिकार तिच्या अटींमध्ये बहुधा लिहिलेला असतो, फक्त तो कोणी वाचत नाही.

दुसऱ्या प्रकारात प्रवाह लहान असतो, पण प्रत्येक मागणी सर्व्हरला राबवणारी असते. संकेतस्थळावरच्या शोधपेटीत दर वेळी नवे, निरर्थक शब्द टाकत राहिले तर साठवून ठेवलेले उत्तर उपयोगी पडत नाही, प्रत्येक वेळी डेटाबेस ढवळावा लागतो, आणि वर्डप्रेस या तयार प्रणालीवर चालणारे सामान्य संकेतस्थळ सेकंदाला काही डझन मागण्यांतच मान टाकते. छोट्या संकेतस्थळांच्या वाट्याला येतो तो प्रामुख्याने हा दुसरा प्रकार. ऑगस्ट २०२३ मध्ये एचटीटीपी/२ या ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या नियमावलीतील त्रुटी वापरून गूगलवर सेकंदाला ३९.८ कोटी मागण्यांचा हल्ला झाला होता. असे आकडे विक्रेते हमखास पुढे करतात, परंतु सोयाबीनचा दर सांगणाऱ्या पानाला धोका किती आहे याचा त्या आकड्यांवरून काहीही अंदाज येत नाही.

संरक्षण बसवण्यापूर्वी आमचे संकेतस्थळ दसऱ्यानंतर दुपारच्या सुमारास रोज मंदावत असे आणि ‘कोणीतरी हल्ला करत आहे’ अशी परिचितांची खात्री होती. लॉग वाचल्यावर वेगळेच चित्र समोर आले. सौदा निघून दर संकेतस्थळावर टाकले की लिंक गटागटांत फिरते आणि थोड्या वेळात मोठी गर्दी होते. ही गर्दी ओळखता येते, कारण तिच्यातील मागण्या मोजक्याच पानांसाठी असतात, पानासोबत त्यातील चित्रे आणि शैलीच्या फायलीही मागितल्या जातात, आयपी पत्ते भारतीय मोबाइल कंपन्यांचे असतात आणि वेळ दर प्रसिद्ध झाल्यानंतरचीच असते. यंत्राकडून आलेल्या मागण्यांत बहुधा नुसते पान उचलले जाते, ब्राउझरचे नाव हजारो ओळींत एकच असते आणि पहाटे तीन वाजताही वेग तोच राहतो. आमच्याकडे दुपारची ओढाताण खऱ्या वाचकांची होती. त्या खालोखाल भार होता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करत फिरणाऱ्या बॉटचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांचा, जे पाच-सहा वर्षांपूर्वीचे प्रत्येक दिवसाचे दरपत्रक एकामागून एक उघडत होते. शिवाय लॉगिनचे पान आणि एक्सएमएल-आरपीसीची (वर्डप्रेसला बाहेरून आज्ञा देण्याच्या सोयीची) फाइल ठोठावत राहणारे नेहमीचे भामटे होतेच, पण तेवढ्याने कोणतेही संकेतस्थळ बंद पडत नाही.

यावर लागू पडलेला उपाय संरक्षणाचा नव्हता. दरांचे पान प्रत्येक वाचकासाठी नव्याने न बनवता दर बदलल्यावर एकदाच बनवून साध्या फाइलच्या रूपात ठेवायचे, जुनी दरपत्रके कॅशेमध्ये (तयार प्रतींच्या साठ्यात) दीर्घकाळ राहू द्यायची, एनजिनएक्स या पाने पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिनच्या पानावर मर्यादा घालायची आणि एक्सएमएल-आरपीसी बंद करायचे, एवढ्यावर दुपारचा त्रास संपला. एवढे झाल्यावर त्याच सर्व्हरवर गर्दी सुखाने मावू लागली. ‘डीडॉस संरक्षण हवे’ म्हणणाऱ्या अनेकांची खरी गरज इथेच भागते, असे मी आता ठामपणे सांगू शकतो.

तरीही मी फुकट थर घेतला, आणि त्याचे कारण किमतीचे आहे. क्लाउडफ्लेअर या अशी सेवा देणाऱ्या मोठ्या कंपनीने सप्टेंबर २०१७ मध्ये हल्ल्याच्या आकारावर मर्यादा न ठेवता संरक्षण आपल्या सर्वच योजनांमध्ये, फुकट योजनेतसुद्धा, देण्याचे जाहीर केले, आणि तेव्हापासून पहिल्या प्रकारच्या हल्ल्यापासून वाचण्यासाठी छोट्या माणसाला पैसे मोजण्याचे फारसे कारण उरलेले नाही. याउलट ॲमेझॉनच्या शील्ड ॲडव्हान्स्ड या सेवेला महिन्याला ३,००० डॉलर आणि वर्षभराची बांधिलकी लागते. अर्थात ती सेवा आपल्यासाठी बनवलेलीच नाही.

बसवण्याचे काम सोपे असल्याचे सगळे सांगतात आणि नेमसर्व्हर (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारे सर्व्हर) बदलून वाहतूक त्या सेवेमार्फत वळवण्यापुरते ते खरेही आहे, मात्र तेवढ्यावर थांबल्यास संरक्षण कागदावरच राहते. सर्व्हरचा मूळ आयपी पत्ता डीएनएसच्या, म्हणजे नाव आणि पत्ता जोडणाऱ्या यंत्रणेच्या, जुन्या नोंदींतून कोणालाही सापडतो. संकेतस्थळाची ईमेल त्याच सर्व्हरवर असेल तर मेलच्या नोंदीतूनही तो उघड होतो, आणि मग हल्लेखोर मधल्या सेवेला वळसा घालून थेट सर्व्हरवर येऊ शकतो. म्हणून मेल दुसरीकडे हलवावी, होस्टिंग कंपनीकडून नवा आयपी पत्ता घ्यावा आणि सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये फक्त त्या सेवेच्या जाहीर केलेल्या पत्त्यांनाच प्रवेश द्यावा. दुसरे असे की, मध्ये ही सेवा आल्यावर सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक वाचकाच्या जागी त्या सेवेचाच पत्ता उमटतो. खरा पत्ता हेडरमधून (मागणीसोबत येणाऱ्या माहितीतून) उचलण्याची मांडणी केली नाही, तर फेल-टू-बॅनसारखे संशयास्पद पत्ते आपोआप अडवणारे साधन त्या सेवेलाच हल्लेखोर समजून बंद करते आणि संकेतस्थळ आपल्याच हाताने बंद पडते.

याची एक कायदेशीर बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डीडॉस हल्ल्याची माहिती ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली असा हल्ला हा ३ वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. लॉगमध्ये खरे पत्तेच नसतील तर सायबर पोलिसांपुढे ठेवायला आपल्याजवळ काही राहत नाही.

ज्याला निःसंशय हल्ला म्हणता येईल असा प्रकार तुरीच्या हंगामात घडला. शोधपेटीवर अनेक देशांतील पत्त्यांवरून अर्थहीन अक्षरांचा मारा सुरू झाला. कोणी केला, कशासाठी केला, हे कळले नाही, आणि कळण्याची गरजही नव्हती, कारण असे हल्ले आता थोडक्या भाड्याने विकत मिळतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये डिन या डीएनएस कंपनीला पाडून ट्विटर आणि नेटफ्लिक्सपर्यंत झळ पोहोचवणारे मिराई हे जाळे घराघरांतील कॅमेरे आणि राउटर यांचे बनलेले होते, आणि ते मुळात घडवणाऱ्या तरुणांचा हेतू माइनक्राफ्ट खेळाच्या सर्व्हरच्या धंद्यातील चढाओढीशी जोडलेला होता. ‘आमच्यावर कोण कशाला हल्ला करील’ हा युक्तिवाद त्यामुळे फार दूर नेत नाही. आमच्याकडे उपाय साधाच ठरला. शोधपेटीच्या पत्त्यावर भारताबाहेरून येणाऱ्या मागणीला, समोर माणूस आहे का हे तपासणारे पडताळणीचे पान दाखवावे, असा एकच नियम सेवेच्या पटलावर लिहिला आणि मारा सर्व्हरपर्यंत पोहोचायचा थांबला. दरांची पाने या काळात एकदाही अडली नाहीत. फुकट थराने आपली जागा इथे कमावली, हे मान्य करायला हवे.

या सेवांची काळी बाजू मात्र खेड्यातील वाचकाला सोसावी लागते आणि तिच्याविषयी फार कमी लिहिले जाते. मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ चे पत्ते तुटपुंजे असल्यामुळे शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. एका पत्त्यावरून मिनिटाला अमुक इतक्याच मागण्या, असा रेट लिमिटचा नियम पुण्या-मुंबईच्या कार्यालयातून लिहिताना शहाणपणाचा वाटतो, पण औसा किंवा अहमदपूर तालुक्यात सौद्यानंतर एकाच पत्त्याआडून शंभर शेतकरी दर बघत असतात आणि नियम त्या शंभरांनाही एकच बॉट समजतो. प्रत्येक वाचकाला आधी ते पान दाखवणारी कडक पडताळणीची अवस्था चालू असताना एका आडत्याचा फोन आला : “दादा, तुमची साइट मलाच इचारायलीय, तू माणूस हैस का म्हणून. भाव कवा दाखवणार?” जुन्या फोनवर आणि कमकुवत नेटवर्कवर ते पडताळणीचे पान कित्येकदा पुढे सरकतच नाही. त्याशिवाय त्या अवस्थेत व्हॉट्सॲपवर लिंकखाली दिसणारे छोटे चित्र आणि शीर्षक गायब होत होते, आणि आमच्याकडे वाचक लिंकवर बोट ठेवतो तो त्या शीर्षकातील दर पाहूनच. आता ही कडक अवस्था मी कायम बंद ठेवली आहे आणि दरांच्या पानावर रेट लिमिट काढून टाकले आहे. साध्या फाइलसाठी त्याची आवश्यकताही राहत नाही.

आणखी एक गोष्ट तोलून पाहावी लागते. अशी सेवा वाचक आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसून सांकेतिक रूपात बंद असलेला मजकूर उघडते आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवते, म्हणजे तो तिला वाचता येतो. भावाच्या पानात लपवण्यासारखे काहीच नाही, परंतु पतसंस्था, रुग्णालय किंवा विद्यार्थ्यांचे अर्ज घेणारी संस्था असेल तर हा निर्णय संकेतस्थळ सांभाळणाऱ्या मुलावर न सोडता संचालकांनी घ्यावा. शिवाय मधला दुवा पडला की त्याच्यामागचे सगळेच अडते. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरचे जाळे जगभर कोलमडले, तेव्हा खुद्द तिच्या अभियंत्यांना आधी मोठ्या डीडॉस हल्ल्याचा संशय आला होता. प्रत्यक्षात बॉट ओळखण्यासाठी तयार होणारी एक फाइल ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी झाली होती. संरक्षणासाठीच बनवलेल्या यंत्रणेने संकेतस्थळे बंद पाडल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे आठवत नाही. म्हणून डोमेनचा ताबा आणि नेमसर्व्हर बदलण्याचा अधिकार आपल्याच हातात असावा.

पैसे द्यावेत का, याचे उत्तर संकेतस्थळ चार तास बंद राहिल्याने काय होते यावर अवलंबून आहे. आमचे बंद राहिले तर शेतकरी बाजार समितीत फोन लावतो किंवा आडत्याला विचारतो. वैताग होतो, नुकसान होत नाही. त्यामुळे सशुल्क योजनेचा विचार मी सोडून दिला आहे आणि तो पैसा सर्व्हरची स्मृती वाढवण्यावर घातला आहे. लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील एखाद्या शिकवणीची ऑनलाइन परीक्षा ठरलेल्या वेळी सुरू होते, प्रवेशाची शेवटची तारीख असते किंवा दुकानाची सणातील विक्री असते, तिथे चार तासांची किंमत वेगळी आहे आणि रात्री फोन उचलणारा तंत्रज्ञ देणारी योजना परवडू शकते. मात्र करार करण्यापूर्वी आपल्या होस्टिंग कंपनीला लेखी विचारावे की, हल्ला झाल्यास ती आमचा पत्ता बंद करणार का, केल्यास किती वेळासाठी, आणि हल्ल्यात वापरली गेलेली बँडविड्थ आमच्या बिलात लावणार का. या तिसऱ्या प्रश्नाला मिळालेली उत्तरे सर्वांत बोलकी होती.

जिल्ह्यापुरत्या बातम्या देणाऱ्या पोर्टलांची स्थिती याहून निराळी आहे, कारण त्यांच्यावर राग धरणारी माणसे खरोखर असतात आणि निवडणुकीच्या काळात त्यांची वाढही होते. अशांसाठी गूगलचे प्रोजेक्ट शील्ड आणि क्लाउडफ्लेअरचे २०१४ पासून चालणारे प्रोजेक्ट गॅलिलिओ असे दोन विनामूल्य उपक्रम आहेत. दोन्हींकडे आधी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते, तेव्हा नगरपालिकेची आचारसंहिता लागण्याची वाट न पाहता तो अर्ज आधीच करून ठेवलेला बरा.