दुनळीवरची बॅटरी: नऊ महिन्यांचा वापर आणि एका बटणाचा ताप

खोक्यावर १००० लुमेन (एकूण उजेडाचं माप) लिहिलंय की २०००, हे बघून बंदुकीला बॅटरी घेत असाल तर थांबा. नऊ महिन्यांच्या वापरानंतर डोकं फिरवणारी गोष्ट एकच निघाली, ती म्हणजे बटण. सातशे रुपयांच्या बॅटरीला पाच मोड: फुल, निम्मा, मंद, लुकलुक आणि एसओएस. टेबलावर ठेवून दाबत बसायला मजा येते. बाराबोअरवर मात्र पहिला बार झाला की उजेड आपोआप निम्मा होतो, दुसऱ्या बाराला मंद. तिसऱ्या बाराला दारात लग्नाची रोषणाई.

यात सेल खराब नसतो, एलईडीही नाही. अशा बॅटरीत मोड बदलतो तो वीज क्षणभर तुटल्यामुळं. बटण अर्धं दाबतो तेव्हा तेच होतं. धक्क्यात बंदूक मागं जाते, तिच्याबरोबर बॅटरीची बॉडी मागं येते आणि आतला सेल जागेवर राहू पाहतो, म्हणजे पुढं आदळतो. मग दस्ता खांद्याला टेकून बंदूक थांबते तेव्हा सेल उलटा मागं जातो, बुडाची स्प्रिंग दाबतो आणि पुढचा टेकू सोडतो. एवढा क्षण सर्किटला पुरतो, त्याला वाटतं तुम्हीच बटण दाबलं.

घेण्याआधी दुकानातच तपासायची सोपी युक्ती आहे. बॅटरी फुलवर लावा, तोंड वर धरा आणि बूड तळहातावर चार-पाच वेळा जोरात आपटा. उजेड मिचमिचला किंवा मोड बदलला तर परत ठेवून द्या. झाकण उघडून दोन्ही टोकांना स्प्रिंग आहे का तेही बघा. स्वस्तातल्या बहुतेकांना ती फक्त बुडात असते, पुढं सपाट पत्री.

सुरुवातीला मत असं होतं की पुढच्या बाजूला एक जास्तीची स्प्रिंग डाखली की सातशेतच भागेल. डाखून बघितली. मिचमिचणं कमी झालं, गेलं नाही. शिवाय झूमचं डोकं धक्क्यानं सरकतं आणि बारीक झोत एकदम पसरट होतो. बारीक झोतात एलईडीचा चौकोन भिंतीवर दिसतो आणि आजूबाजूला काळोख. बंदुकीला मधे घट्ट झोत आणि भोवती मऊ उजेड, दोन्ही एकाच वेळी लागतात. तेव्हा झूम नको, मोडही नकोत. एकच मोड, दाबलं की चालू, एवढंच असलेली बॅटरी अठराशेला पडली. जास्तीचे अकराशे बघून जीव चरफडला, पण आधीचे सातशे वाया गेले नसते तर चरफडला नसता.

किती उजेड हवा ते घरावर आहे. माळवदाच्या घरात जाड मातीच्या भिंती आणि खिडक्यांच्या नावानं झरोके, तिथं उजेड शोषला जातो. चुना मारलेली खोली किंवा पत्र्याचं शेड असेल तर १००० लुमेन उलट आपल्याच डोळ्यांत येतात आणि दोन मिनिटं समोरचं काही सुचत नाही. घरात ३०० ते ५०० पुरतात. शेतातल्या आखाड्यावर, मोकळ्या अंगणात लुमेनपेक्षा कँडेला, म्हणजे झोताचा जोर बघायचा. त्या आकड्याचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की खोक्यावर छापतात ते मीटर येतात. १०,००० कँडेलाला २०० मीटर. पण तेवढ्या लांब पोचतो तो ०.२५ लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच. माणूस कोण आहे हे ओळखायला त्याच्या चौथाई अंतरच धरा.

आता क्लॅम्प. पंप ॲक्शनला, म्हणजे पुढची मूठ मागं-पुढं ओढून काडतूस भरायच्या बंदुकीला, मॅगझिनच्या नळीवर कडी बसते. अमेरिकेत रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग या असल्या पंप बंदुकांसाठी पुढच्या मुठीतच लाइट घालून देतात, पण आपल्याकडच्या जुन्या दुनळीला त्याचा काही उपयोग नाही. आडव्या दुनळीच्या दोन्ही नळ्या जोडलेल्या असल्यानं गोल कडी बसतच नाही, वर-खाली दोन पट्ट्यांचा क्लॅम्प लागतो. वरची पट्टी पातळ घ्या, नाहीतर नेमाच्या रेषेत आडवी येते.

क्लॅम्पची गोम अशी की नळी तोंडाकडं निमुळती होत जाते. धक्क्यात बंदूक मागं जाते आणि क्लॅम्प जागेवर राहतो, म्हणजेच नळीवर पुढं सरकतो आणि पुढं नळी बारीक. एकदा केसभर सरकला की ढिलाच पडत जातो. स्क्रू आणखी आवळणं हा उपाय नव्हे. तोंडाजवळ नळीचा पत्रा पातळ असतो, पोचा पडला तर दुरुस्ती बॅटरीपेक्षा महाग. नळीला भोक पाडायचा विचार तर मनातही आणू नका, परवान्याच्या हत्यारात असला बदल म्हणजे नसती कटकट.

बसवताना आधी बंदूक मधून उघडून काडतुसांची दोन्ही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटानं बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नळी पुसून तेल काढा. सायकलच्या ट्यूबची पट्टी एक वेढा, सांध्यावर दुमड येऊ न देता. चारही स्क्रू आळीपाळीनं, प्रत्येकाला अर्धा फेरा. निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब, लाल नको, ते तापवल्याशिवाय निघत नाही. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून क्लॅम्पवर आणि क्लॅम्पच्या कडेवरून नळीवर नेलपॉलिशची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की सरकला.

जागेबद्दलचं मतही मधे बदललं. आधी तोंडाजवळ बसवली, नळीची सावली नको म्हणून. बंदूक तोंडाला जड झाली, काचेवर काजळी बसू लागली आणि बटणासाठी वायरच्या टोकाची दाबायची पट्टी लाकडावर चिकटवावी लागली. मे महिन्यात पत्र्याखाली त्या पट्टीचा गोंद वितळला आणि पट्टी लोंबायला लागली. आता पुढच्या लाकडाला लागून, डाव्या हाताचा अंगठा बुडाच्या बटणावर पोचेल अशी आहे. वरच्या भागात नळीची सावली पडते खरी, पण छताकडं बघायचंच कुणाला?

सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर हसा आणि पुढं चला. १८६५० मापाचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) चार्ज होणारा चांगला सेलही ३५०० च्या आसपासच असतो. संरक्षण सर्किटवाला सेल चार-पाच मिलिमीटर जास्त लांब असतो, सगळ्या बॅटऱ्यांत बसत नाही. फुल चार्ज करून उन्हाळाभर पत्र्याच्या घरात ठेवला की लवकर म्हातारा होतो. म्हणून वर्षभर नुसती तयार ठेवायची बॅटरी सीआर१२३ च्या सेलवर चालणारी असली तर उत्तम. ते चार्ज होत नाहीत, पण पडून वर्षानुवर्षं टिकतात. तालुक्याला मिळत नाहीत, हाच काय तो ताप. कपाटात बटण दाबलं जाऊन सेल संपू नये म्हणून बुडाचं झाकण अर्धा फेरा सैल ठेवतात. आटे रंगीत, ॲनोडाइज केलेले असतील तरच याचा उपयोग, चकचकीत आट्यांतून वीज जातेच.

आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करताना क्लॅम्पसकट देऊ नका. परत मिळते तोवर रबराखाली ओल धरून नळीला गंजाची बांगडी तयार होते. बारीक स्टील वूल आणि तेलानं निघते, निळाई, म्हणजे नळीवरचा गंज अडवणारा निळसर थर, मात्र जाते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा क्लॅम्प काढून खाली तेलाचं बोट फिरवा आणि पट्टी चढवण्याआधी कोरडं पुसून घ्या.

वॉरंटीचं म्हणाल तर ऑनलाइन विक्रेत्यानं पहिल्या बॅटरीबद्दल तीन मेलनंतर कळवलं की "धक्क्याचा वापर" वॉरंटीत येत नाही. जाहिरातीतल्या फोटोत तीच बॅटरी बंदुकीवर लावलेली आहे.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा, ही बॅटरी शोधायची नव्हे. जिथं उजेड तिथं नळीचं तोंड. गोठ्यात खुडबुड झाली आणि तिथं सालगडी किंवा शेजारचं पोरगं निघालं, तर भरलेली बंदूक त्याच्यावर रोखून झालेली असते. बघायला हातातली वेगळी बॅटरी, बोट घोड्याच्या बाहेर. किनवट-माहूरच्या जंगलाकडं किंवा गौताळा अभयारण्याच्या कडेला वस्ती असेल तर बॅटरी लावलेली बंदूक रात्री घराबाहेर नेऊच नका. वन खात्याच्या नजरेत तो शिकारीचा सरंजाम आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यापुढं "डुकरं हाकलत होतो" हे चालत नाही.

पाच मोडवाली आता मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत आहे. रात्रीची लाइट आली की फ्यूज बघायला लागते. तिथंही दोनदा दाबल्याशिवाय फुल लागत नाही.