एचएमटी पायलट: आधी डायल बघा, मशीन नंतर

काळी डायल, पांढरे ठसठशीत आकडे, रोज किल्ली द्यायचं मशीन. स्वस्तात लष्करी थाटाचं जुनं घड्याळ हवं असेल तर पायलट घ्यावं. पण जुन्या बाजारात पथारीवर चकाकणारं पायलट बहुधा नव्याने डायल रंगवलेलं असतं, आणि भाव मात्र 'ओरिजिनल'चा सांगितला जातो.

दहापटीचं भिंग सोबत न्या. मिनिटांच्या रेघा कुठे जाड, कुठे बारीक. अक्षरांच्या कडा फुगलेल्या. 12 ची खूण 6 च्या सरळ रेषेत नाही. डायलच्या कडेला कापलेली बारीक खाच: यातलं काहीही दिसलं की डायल रंगवलेली समजा. थोडी डागाळलेली, पण कारखान्यातली डायल केव्हाही बरी. विक्रेता 'मिलिटरीचं आहे' म्हणाला म्हणून जास्त पैसे मोजू नका.

मशीनची एवढी काळजी नको. आत 0231 नावाचं 17 ज्वेलचं (म्हणजे झीज कमी करणाऱ्या 17 खड्यांचं) मशीन असतं, तासाला 18,000 ठोके. एचएमटीने 1961 मध्ये बंगळुरूत सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं करायला घेतली. हे मशीनही त्याच घराण्यातलं. एचएमटीच्याच 'जनता' घड्याळातही हेच असल्यामुळे बॅलन्स (मागेपुढे डोलणारं चाक) तुटला, मेनस्प्रिंग (किल्लीने भरली जाणारी स्प्रिंग) गेली, तर डायल खराब झालेलं एखादं जनता घेऊन त्याचे भाग वापरता येतात. डायलला असा पर्याय नाही.

किल्ली पूर्ण भरूनही घड्याळ काही तासांत थांबलं तर बहुतेकदा तेल वाळून चिकट झालेलं असतं. अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं तर हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबक लागून तिचे वेढे चिकटले असण्याची शक्यता मोठी. डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व घालवणाऱ्या यंत्रावर) काही सेकंदांचं काम, मशीन खोलायची गरज नाही.

सर्व्हिसिंगला देताना एकच प्रश्न विचारा: मशीन पूर्ण सुटं करणार का? अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुडवून वर तेलाचे थेंब सोडणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. जुनं तेल चुळांच्या (चाकांच्या आसांच्या टोकांच्या) भोकांत तसंच राहतं आणि जास्तीचं तेल हेअरस्प्रिंगवर चढतं. चाकांना पातळ तेल, किल्लीच्या भागांना ग्रीस, पॅलेटच्या (बॅलन्सला ढकलणाऱ्या काट्याच्या) चुळा कोरड्या. परत घेताना टाइमग्राफरवर (ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) बघा: पूर्ण किल्लीला, डायल वर ठेवून अँप्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) 250 अंशांच्या पुढे, बीट एरर (टिक आणि टॉकमधला फरक) 1 मिलिसेकंदाच्या आत. सर्व्हिसिंगनंतर दिवसाला अर्धा मिनिट मागेपुढे झालं तर तक्रार करण्यासारखं काही नाही.

काच अॅक्रिलिकची असते. ओरखडे पॉलिशने जातात, तडा गेला तर बदलावीच लागते. क्रोमचा मुलामा उडालेली केस मात्र घासू नका, खालचं पितळ आणखी उघडं पडतं.

आणि पुण्याच्या पावसात हे मनगटावर नको. जुन्या किल्लीतून ओल आत शिरते, आधी काचेखाली वाफ धरते, मग काट्यांना गंज. पट्टा 18 मिमीचा.