तीन हजार फी, अकरा दिवस, आणि पार्किंगच्या नावाने शंख

मेसवाल्यांच्या हिशोबाचं ॲप करतोय. कोडिंग माझा हॉस्टेलचा रूममेट करतो, स्वतःची नोकरी सांभाळून, रात्री जागून. पगार द्यायला दमडी नाही, म्हणून टपरीवर चहा पिता पिता 'वीस टक्के तुझे' असं बोलून बसलो होतो. ते कागदावर आणायला सदाशिव पेठेतल्या एका कंपनी सेक्रेटरी (कंपन्यांची कायदेशीर कागदपत्रं करणाऱ्या) बाईंकडे गेलो.

नेटवरून उतरवलेला स्वेट इक्विटीचा, म्हणजे कामाच्या मोबदल्यात शेअर देण्याचा करार मी पुढे केला. बाईंनी तो उघडलाच नाही. "मित्र कंपनीत नोकरीला आहे? डायरेक्टर आहे?" दोन्ही नाही. "मग हा घडी करून खिशात ठेवा." कंपनी कायदा 2013, कलम 54: स्वेट इक्विटी फक्त डायरेक्टरला किंवा कर्मचाऱ्याला. शिवाय विशेष ठराव, नोंदणीकृत व्हॅल्युअरचा (किंमत ठरवणाऱ्याचा) अहवाल आणि तीन वर्षं शेअर विकायला बंदी.

त्यांनी सरळ वाट दाखवली. कंपनी दोन महिन्यांची, भांडवल एक लाख, खात्यात खडखडाट. म्हणून आत्ताच माझे 2,000 शेअर दहा रुपये दराने त्याच्या नावे करा, एसएच-4 हा शेअर हस्तांतराचा फॉर्म भरून. पुढे कंपनीची किंमत वाढली की याच दरावर टॅक्सचं लफडं उभं राहतं. वर्षाच्या आत सोडून गेला तर सगळे परत, नंतर चार वर्षं पुरी होईपर्यंत महिन्यागणिक थोडे थोडे पक्के.

खरे पैसे वसूल झाले ते मला सुचलंही नव्हतं त्या कलमात. पगारी नोकर नसलेल्याने लिहिलेला कोड त्याच्याच मालकीचा. कंपनीच्या नावे लेखी करून घ्यावा लागतो. त्यातही मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात आणि हद्द लिहिली नाही तर फक्त भारत!

आता तक्रारी. चार दिवस सांगून अकरा लावले. मसुद्यात मित्राचं आडनाव दोनदा चुकलं. गाडी लावायला जागा शोधण्यात पाऊण तास. चार स्टार.

सहीच्या दिवशी मित्र 'सोडून गेल्यास' या ओळीवर अडला. "म्हणजे मी पळणार हे तू धरूनच चाललायस?" मी गप्प. बाईंनी पुढचं पान उलटून दाखवलं. तेच कलम माझ्या शेअरनाही लावलं होतं, मला न विचारता. तो खो खो हसला आणि तिथेच वीस हजार पाठवून मोकळा झाला.